सयाजीच्या ॲम्पचा चिमटा

२०२२ साल, नवरात्रातली ललिता पंचमी. त्या दिवशी दुपारी साडेचार ते साडेपाच या तासाभरात एकोणीस वर्षांची एक मुलगी विजेच्या धक्क्यानं मरण्याच्या बेतात होती, आणि हे ठाऊक असलेली अख्ख्या कोल्हापुरात मी एकटीच होते. ती मरणार होती ती माझ्या ॲम्पमुळे, मी दिलेल्या केबलमुळे आणि मी शिकवलेल्या एका सवयीमुळे. मी तेव्हा सत्तरीची होते. पूर पाहिले होते, घरातली माणसं गेलेली पाहिली होती. पण भीती कशाला म्हणतात ते मला त्या तासात कळलं.

मुलीचं नाव ऐश्वर्या. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चंदना आणि तिची ही लेक भाड्यानं राहत. चंदना मूळची जयसिंगपूरची, जैन घरातली, शाळेत शिक्षिका. नवरा लवकर गेला, लेक एकुलती. ऐश्वर्या इंजिनिअरिंगला होती आणि बास गिटार वाजवायची. पहिल्यांदा वरून तो आवाज आला तेव्हा मी भाकरी थापत होते, तो हात तसाच परातीत राहिला. बासचा आवाज आधी कानाला येत नाही. तो फरशीतून येतो, भिंतीतून येतो, पोटात जाऊन बसतो आणि मग कानाला त्याचा पत्ता लागतो. तीस-बत्तीस वर्षांत मी तो इतक्या जवळून ऐकला नव्हता. गुडघे धरत जिना चढले आणि दारात उभी राहून म्हणाले, "तुझी तिसरी तार उतरलीय." मायलेकी माझ्याकडे बघतच राहिल्या.

मी बास वाजवत होते हे आता कुणाला खरं वाटत नाही. माझा थोरला भाऊ विजयसिंह, त्याचा ऑर्केस्ट्रा होता, 'विजयसिंह अँड पार्टी'. कागल, निपाणी, कुरुंदवाड, साखर कारखान्यांचे समारंभ, गणपती, लग्नं, कुठंही जायचा. १९७४ साली त्याचा बासवाला न सांगता मुंबईला निघून गेला, आणि दोन दिवसांवर जयसिंगपूरचा कार्यक्रम होता. मी घरी हार्मोनियम वाजवायचे, सुराला पक्की होते. दादानं कलकत्त्याहून मागवलेली ती जड गिटार माझ्या गळ्यात अडकवली. आमचे वडील, आण्णा, कबूल होईनात. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी त्यांनी एक अट घातली. पोरगी मागं, ड्रमच्या शेजारी उभी राहील, आणि माईकसमोर कधी जाणार नाही. चौदा वर्षं मी ती अट पाळली. माझा गळा वाईट नव्हता. पुढे उभ्या राहून गाणाऱ्या मुलींकडे बघताना त्या अटीचा मला फार राग यायचा.

तरी बासनं मला पुष्कळ दिलं. बास वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला की सगळ्यांना वाटतं, काहीतरी गेलं. बोटांना घट्टे पडायचे. नव्या तारा इथं मिळत नसत, म्हणून जुन्याच तारा काढून मी चहाच्या पातेल्यात सोडा घालून उकळायचे, म्हणजे त्यांचा मळ निघून आवाज पुन्हा उघडायचा. आईनं ते पातेलं पुन्हा कधी चुलीवर घेतलं नाही.

आमचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, सयाजीनं बनवला होता. सयाजी रेडिओ दुरुस्त करायचा आणि दादाच्या पार्टीत आवाजाचं सगळं बघायचा. सुताराकडून सागवानी खोकं करून घेतलं, त्यात पंधरा इंची स्पीकर बसवला, पत्र्याच्या चौकटीवर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे चार मोठे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की दोन मिनिटं काही नाही. मग धूळ तापल्याचा वास यायचा, काचेत लाल उजेड दिसायचा आणि ॲम्प जागा व्हायचा. त्याचा आवाज आजच्या कुठल्या यंत्राला नाही. आणि तो चिमटा काढायचा. तारांवर हात टेकला की कधीकधी बोटांतून मनगटापर्यंत मुंग्या चढायच्या. आम्ही त्याला घाबरत नव्हतो, उलट त्याचं कौतुक होतं. पार्टीत नवा माणूस आला की दादा त्याचा हात धरून तारांवर ठेवायचा. तो दचकला की सगळे हसायचे आणि दादा म्हणायचा, चिमटा बसला, आता तू आमचा. आम्हाला ती ॲम्पची खोड वाटायची, एखाद्या म्हशीला शिंग मारायची खोड असते तशी.

आणखी एक गोष्ट होती. सयाजी प्रत्येक कार्यक्रमात माझ्या पायाखाली जेवणाचा लाकडी पाट ठेवायचा. मी बुटकी. मला वाटायचं, ड्रमच्या मागून मी दिसावी म्हणून हा ठेवतो. पार्टीतले लोक मला 'पाटावरची गौर' म्हणून चिडवायचे. मी हसून पाटावर चढायचे.

ऐश्वर्याला मी दोन वर्षं शिकवलं. पहिला धडा दिला तो बोटांचा नव्हता, थांबण्याचा होता. वाजवत नसशील तेव्हा तळवा तारांवर टेकलेला पाहिजे. मोकळी तार शेजारच्या ढोलाला, टाळ्यांनासुद्धा घुमते आणि सगळं गढूळ करते. चालताना, बोलताना, दुसऱ्याचं ऐकताना हात तारांवरून काढायचा नाही. ती इतकं मनावर घेऊन शिकली की पुढे तिला ते सांगावं लागत नव्हतं.

ती गातही असे. तिच्या गाण्याला मी फार जपलं. मला मिळालं नाही ते हिला मिळावं असं मनात होतं, खोटं कशाला बोलू. मागं उभी राहू नकोस, मी तिला म्हणायचे, बासही तुझा आणि माईकही तुझा.

त्या वर्षी शुक्रवार पेठेतल्या एका लहानशा देवीच्या देवळात ललिता पंचमीला या मुलांचा कार्यक्रम ठरला. ऐश्वर्या, ड्रम वाजवणारा आदर्श आणि की-बोर्डवाला एक मुलगा. तिच्याकडचा ॲम्प खोलीपुरता होता, अंगणात त्याचा आवाज पोचला नसता. मी आदर्शला माळ्यावर चढवलं आणि सयाजीचा ॲम्प खाली उतरवला. आदर्श आणि ऐश्वर्या, दोघांनाही तो धड पेलेना. माझ्या खोलीत आम्ही तो लावला. दोन मिनिटं काही नाही, मग तोच वास. ऐश्वर्यानं खालची जाड तार छेडली आणि कपाटातली भांडी वाजली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फरशी गार म्हणून आम्ही सगळ्यांनी घरातल्या रबरी सपाता घातल्या होत्या. तरी ती एकदम "आई गं" म्हणाली आणि तिनं बोटं झटकली.

"बसला का चिमटा?" मी म्हटलं. "आता तू विजयसिंह पार्टीतली झालीस."

चंदना दारात उभी होती. तिनं विचारलं, यात काही धोका नाही ना. मी हसले. जुना आहे, जरा चावतो, असं मी तिला सांगितलं. हेच शब्द. ते मी विसरले नाही, आणि तीही.

पंचमीच्या दिवशी दुपारी मुलं टेम्पोतून ॲम्प घेऊन गेली. निघताना ऐश्वर्यानं कोपऱ्यातल्या माझ्या त्या जुन्या पाटाकडे बोट दाखवून विचारलं, तो पण न्यायचा का. मी म्हटलं, तुला कशाला, तू काय माझ्यासारखी बुटकी आहेस. वर माझी जुनी लांब केबल तिच्या पिशवीत टाकली. त्या देवळाची रीत अशी की पहिलं गाणं देवीकडे तोंड करून, दगडी पायरीवर उभं राहून म्हणायचं. मंचापासून पायरीपर्यंत पोचायला तेवढी केबल लागणार होती. आरती पाचला, तिचं गाणं साडेपाचच्या सुमारास. माझे गुडघे दुखत होते, गर्दीत जायचा धीर नव्हता, म्हणून मी घरीच राहिले.

साडेचार वाजता चहा पिताना वाटलं, सयाजीला कळवावं. तो कुरुंदवाडला मुलाकडे होता, ऐंशीच्या घरात, ऐकायला कमी. मुलानं फोन त्याच्या कानाला लावला. मी ओरडूनच सांगितलं की तुझा ॲम्प आज पुन्हा वाजतोय. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. त्यानं मुलाकडून फोन स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाला, "पोरीला पाट दिलाय न्हवं?"

मी हसून सांगितलं की पोरगी उंच आहे.

"ताईसाब, त्यो पाट उंचीसाठी नव्हता."

मग त्यानं जे सांगितलं ते अडखळत, खोकत सांगितलं, पण एकेक शब्द मला कळला. १९७४ सालीच कागलच्या कार्यक्रमात ॲम्प गुरगुरायला लागला. काही केल्या ती गुरगुर जाईना आणि दादा चिडला. सयाजीनं प्लग उघडून अर्थिंगची तार कापून टाकली. गुरगुर गेली. दादानं पाठ थोपटली. पुन्हा जोडली तर पुन्हा गुरगुरेल म्हणून ती त्यानं कधी जोडलीच नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून थोडा करंट पत्र्यावर झिरपायचा, पत्र्यावरून केबलमधून गिटारच्या तारांवर यायचा. अर्थिंग असतं तर तो जमिनीत गेला असता. ते नव्हतं, म्हणून तो आमच्या अंगातून वाट शोधायचा. आम्ही ज्याचं कौतुक करत होतो तो चिमटा म्हणजे हा. सुका लाकडी पाट पायाखाली असला की वाट मिळत नाही, म्हणून पाट.

मी विचारलं, तू हे मला कधी सांगितलं का नाहीस.

"सांगितलं असतं तर तुमी वाजिवलं असतं व्हय? आन् दादासाबांनी मला ठिवला असता?" तो म्हणाला. मग आवाज उतरला. "तवा नुस्ता चिमटा हुता. आता इतकी वर्सं पडून हाय, आतलं समदं कुजलं असंल. पोरगी नुस्ती वाजिवती का गातीबी?"

मी म्हटलं, गाते.

"मग पाटाचाबी उपेग न्हाय, ताईसाब. माईक दुसऱ्या मशीनचा, त्याला अर्थिंग असतंय. हात तारंवर आन् व्हट माईकला लागला की करंट हातातनं शिरून त्वांडातनं भाईर. काळीज मधीच हाय."

मी फोन बंद केला.

चौदा वर्षं मी माईकपाशी गेले नव्हते. आण्णांच्या अटीमुळे. पाटावरून उतरले नव्हते. सयाजीच्या भीतीमुळे. आणि या पोरीला मी पाट घरी ठेवायला लावला होता, माईक पुढे करून दिला होता. देवळात ती अनवाणी असणार. पंचमीला पायऱ्या धुतात, म्हणजे दगड ओला. आणि गाण्याआधी माईककडे जाताना तिचा तळवा तारांवर टेकलेला असणार, कारण तसं मीच तिला शिकवलं होतं.

ऐश्वर्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चंदनाला लावला, ती शाळेतून परस्पर देवळात जाणार होती, तिचाही कुणी उचलेना. आदर्शचा नंबर माझ्याकडे नव्हता. घड्याळात पावणेपाच झाले होते. मी चपला घातल्या की नाही ते मला आठवत नाही. घातल्या असाव्यात, कारण नंतर पायात होत्या.

कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती. शुक्रवार पेठ म्हटल्यावर रिक्षावाला हसला. "आज्जी, आज देवीच्या वाटंला रिक्षा कुठली? सगळे रस्तं बंद. टेंबलाईच्या जत्रंतनं माणूस परतालंय." मी आत बसले आणि म्हटलं, एक मुलगी मरेल, चल. त्यानं आरशात माझं तोंड पाहिलं आणि रिक्षा चालू केली. रंकाळ्याकडून वळसा घालून, उलट्या वाटेनं, हॉर्नवरचा हात न काढता त्यानं मला गंगावेशीत आणलं. तिथं माणसांची भिंत. तो म्हणाला की आता पुढं चालत जावा, आणि उतरताना माझ्या कोपराला धरून त्यानं मला सरळ उभं केलं. पाच वाजून गेले होते.

तिथून देऊळ एरवी दहा मिनिटांवर. त्या दिवशी किती लागली ते सांगता येत नाही. कडेनं नारळ, फुलं, बांगड्यांचे ठेले. बायका हातात ताट घेऊन सावकाश चाललेल्या. मी लोकांना ढकलत होते. कुणी मागून म्हणालं, म्हातारीला भारीच घाई देवीची. उजवा गुडघा वाकेना, तेव्हा तो पाय ओढत चालले. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, तिचे ओठ आणि माईकची जाळी.

मग पोटात काहीतरी हललं.

झांजा, घंटा, माणसांचा गलबला, या सगळ्याच्या खालून तो आला. दोन गल्ल्या पलीकडून, घरांच्या भिंतींतून. सयाजीचा ॲम्प. ती आरतीला साथ करत होती. मंच लाकडी फळ्यांचा, वर सुकी सतरंजी, मला ते ठाऊक होतं. तिथं ती उभी आहे तोवर फार तर चिमटा. मी तो एकेक सूर मोजायला लागले. हा वाजला, म्हणजे ती आहे. हा वाजला, अजून आहे. आयुष्यात मी कुठलं वाजवणं इतकं जीव लावून ऐकलेलं नाही. एकदा तिनं ठोका जरा उशिरा घेतला, तर मी रस्त्यातच थांबले आणि एका अनोळखी बाईचा दंड धरला. मग सूर आला आणि मी तिचा दंड सोडला.

देवळाच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि बास थांबला.

आरती संपली असेल, मी मनाला सांगत होते. आरती संपली की थांबणारच. तरी मी तिथंच थांबले. आतून किंकाळी येते का, पळापळीचा आवाज येतो का, हे मी ऐकत होते. लाऊडस्पीकरवरून कुणी पुरुष बोलला, आता आपली लेक ऐश्वर्या देवीपुढे पहिलं गाणं सादर करेल. टाळ्या झाल्या. मी आत शिरले.

अंगणात बायका दाटीवाटीनं खाली बसलेल्या. पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या, दगडावर पाणी चमकत होतं आणि त्या पाण्यात माईकचा स्टँड उभा. ऐश्वर्या मंचावरून उतरत होती. हिरवी साडी, गळ्यात गिटार, मागं माझी केबल सरपटत येत होती. पायात काही नाही. उजवा तळवा तारांवर टेकलेला, अगदी मी शिकवला तसा. ती आणि माईक यांच्यात चार-पाच पावलं असतील.

मी हाक मारली. मला स्वतःलाच ती ऐकू आली नाही, घंटा अजून वाजत होती. हात वर करून मूठ दाखवावी असं मनात आलं. ती आमची थांबायची खूण. आणि त्याच क्षणी आठवलं, ती खूण दिसली की बासवाला काय करतो? दोन्ही हात तारांवर दाबतो. माझी मूठ अर्धी वर गेली होती. ती मी तशीच खाली घेतली.

तिनं पाऊल सतरंजीवरून उचलून ओल्या दगडाकडे नेलं. मान वर केली, गर्दीत तिला मी दिसले आणि ती हसली. मी येणार नव्हते, म्हणून.

काय सुचलं, कसं सुचलं, मला सांगता येणार नाही. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन तिला नमस्कार केला. म्हाताऱ्या बाईनं, शिकवणारीनं, लेकीच्या वयाहून लहान मुलीला, भर अंगणात, सगळ्यांसमोर. ती गोंधळली. लाजून तिचं तोंड लाल झालं. आणि तिनं चटकन तारांवरचे दोन्ही हात काढून मला नमस्कार केला.

मी हात खाली घेतले नाहीत. मी हात जोडून उभी आहे तोवर ती आपले हात सोडणार नाही, एवढं मला तिच्याबद्दल ठाऊक होतं. तसेच जोडलेले हात डोक्यावर धरून मी बसलेल्या बायकांमधून, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या ताटावर पाय देत पुढे गेले. बायका ओरडायला लागल्या. मांडव आणि विजेचं काम गणपतरावांकडे होतं, ते बोर्डापाशी खुर्चीवर बसलेले. त्यांच्याकडे बघून मी म्हणाले, "मेन बंद करा."

ते म्हणाले, आज्जी, बाजूला बसा, गाणं सुरू होतंय.

"मेन बंद करा. पोरगी मरेल."

गणपतराव पंचवीस वर्षं विजेचं काम केलेला माणूस. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. खटका खाली ओढला. दिवे गेले, ॲम्पची गुणगुण हळूहळू विझत गेली, आणि तेव्हा मी हात खाली घेतले. मग मी तिथंच खाली बसले.

मंडळाचे लोक चिडले. म्हातारीला वेड लागलंय, पंचमीच्या दिवशी देवीपुढे अंधार केला, असं कुणी बोललं. ऐश्वर्या माझ्यापाशी येऊन बसली, गिटार तिनं काढून ठेवली होती. मी सयाजीचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. गणपतराव ऐकत होते. त्यांनी प्लग उघडून बघितला आणि कापलेली तार मला दाखवली. मग त्यांनी सगळ्यांना लांब सरकवलं, गिटार सुक्या लाकडी खुर्चीवर ठेवली, पायात रबरी बूट चढवले आणि मेन चालू केला. ॲम्प तापेपर्यंत दोन मिनिटं सगळे त्याच्याकडे बघत राहिले. गणपतरावांकडे बल्बचं होल्डर होतं, त्याला दोन वायरी. एक वायर त्यांनी गिटारच्या तारेला लावली, दुसरी माईकच्या जाळीला.

बल्ब लागला. मिणमिणता नाही. दिवसाउजेडीसुद्धा गणपतरावांच्या तोंडावर त्याचा पिवळा उजेड पडलेला मला दिसला.

ऐश्वर्या त्या बल्बकडे बघत होती, मग तिनं माईककडे बघितलं आणि हाताच्या मागच्या बाजूनं आपले ओठ पुसले. पुन्हा पुसले.

"आज्जी, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, साडेचारला कळलं. ते खरं होतं, आणि पुरतं खरं नव्हतं. चौदा वर्षं माझ्या बोटांना ते माहीत होतं.

चंदना पहिल्या रांगेतच बसली होती. पर्समधला फोन तिनं आत्ता काढला होता आणि माझे न घेतलेले कॉल बघत होती. ती उठून लेकीपाशी आली, तिला दंडाला धरून उभं केलं आणि माझ्याकडे वळली.

"चावतो म्हणाला होतात तुम्ही," ती म्हणाली. "हसत म्हणाला होतात."

हो, म्हणाले होते, मी म्हटलं.

ते गाणं झालं नाही. आदर्शनं माझ्यासाठी रिक्षा आणली आणि घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

ॲम्प मी घरी परत आणू दिला नाही. गणपतरावांनी तो उघडून व्हॉल्व्ह काढून ठेवले आणि खोकं भंगारात दिलं. त्यांनी त्या दिवसापासून प्रत्येक मांडवात कुणाच्याही यंत्राचा प्लग आधी उघडून बघायचा नियम केला, आणि अजून ते काम करतात. सयाजीला मी त्याच रात्री फोन केला आणि मुलगी वाचल्याचं सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला. पुढच्या वर्षी मार्च महिन्यात तो कुरुंदवाडलाच वारला. मी दहाव्याला जाऊन आले. दादा त्याच्या आधीच, २०११ साली गेला होता, त्याला यातलं काही कळलं नाही. ते बरंच झालं. आदर्श कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला लागला, गणपतीत ड्रम वाजवतो.

चंदना दोन महिन्यांत घर सोडून गेली. भांडली नाही. किल्ली माझ्या हातात दिली, पाया पडली आणि गेली. ती आता राजारामपुरीत असते. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला होता. तब्येतीची चौकशी केली, दुसरं काही बोललो नाही. वरची खोली मी कुणाला दिलेली नाही.

ऐश्वर्या बंगळुरूला नोकरी करते. तिथं तिनं आणखी तिघींबरोबर बँड केलाय, महिन्यातून एकदा कुठंतरी वाजवतात, आणि ती मला त्याचे व्हिडिओ पाठवते. बास फार चांगला वाजवते, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. त्या व्हिडिओंत ती मागं, ड्रमच्या शेजारी उभी असते. माईकपुढे दुसरी मुलगी असते. मी एकदा विचारलं, तू गात नाहीस का गं आता. ती म्हणाली, नाही आज्जी, नको वाटतं.

तिचा आवाज फार गोड होता.